आदला दिवस मोकळा ठेव

परभणी

प्रिय लेकरा,

तुझं परतीचं तिकीट पक्कं झाल्याचं कळलं. जर्मनीत तुझा जीव किती रमलाय ते तुझ्या प्रत्येक पत्रात दिसतं. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी एकही कार्यालयीन काम ठेवू नकोस. त्या दिवशी दोनच कामं: खोली ताब्यात देणं आणि तिथल्या तुझ्या गल्लीचा निरोप घेणं.

बाकीचं आधीच उरक. आबमेल्डुंग, म्हणजे गाव सोडल्याची नोंद, खोली सोडण्याआधी फार तर एक आठवडा करता येते. तो कागद जपून ठेव. विमा, इंटरनेट आणि महिन्याची 18.36 युरोंची रेडिओ-टीव्ही वर्गणी बंद करताना तोच दाखवायचा असतो. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या-बसचा मासिक पास, ज्या महिन्याअखेर थांबवायचं, त्याच महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द कर. उशीर झाला की पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

सिम आणि बँकखातं मात्र घाईनं बंद करू नकोस. घरमालकाकडची खोलीची अनामत त्याच खात्यात यायची आहे, आणि वीज-पाण्याचा हिशेब लागेपर्यंत घरमालक तिचा काही भाग काही महिने ठेवून घेतो. बँकेचा कोड त्याच नंबरवर येत असेल आणि सिम आधी बंद झालं, तर पैसे खात्यात दिसतील पण काढता येणार नाहीत.

आता खोली. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते, तेव्हा इथं हयगय नको. तिथल्या बऱ्याच शहरांत पाणी आपल्या बोअरसारखं जड असतं. नळावर पांढरा थर बसतो. व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून फडकं भिजव, नळाला गुंडाळ आणि अर्ध्या तासानं पुसून काढ. आपल्या फोडण्यांचं तेल ओट्यापेक्षा कपाटांच्या माथ्यावर जास्त साचतं, आणि घरमालक नेमका तिथंच बोट फिरवतो. हळदीचा डाग घासून जात नाही, उन्हात फिका पडतो. भाजी चिरायची फळी आणि चमचे चार दिवस आधीच खिडकीत ठेव.

ताबा देताना मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या आणि भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा कागदावर लिहून दोघांच्या सह्या घे, फोटोही काढ. एक किल्ली कमी भरली तर अख्ख्या इमारतीची कुलपं बदलण्याचा खर्च मागे लागू शकतो. कागदातला मजकूर कळला नाही तर सही करू नकोस, जर्मन येणारा मित्र सोबत ने.

आदला दिवस रविवार असेल तर शनिवारीच खरेदी आटप, कारण दुकानं बंद असतात. काच टाकायच्या सार्वजनिक डब्यात बाटल्या टाकायलाही रविवारी मनाई असते, आवाज होतो म्हणून. परत दिल्यावर पैसे मिळणाऱ्या अनामतीच्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात घातल्यावर निघणारी चिठ्ठी त्याच दुकानाच्या गल्ल्यावर वटवून घे. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे 25 सेंट मिळतात, पिशवीभर जमल्या की बरेच होतात.

विमानतळाला जाताना गरजेपेक्षा एक गाडी आधीची पकड. पाच-सात मिनिटांत गाडी बदलायची असली की पहिली जरा उशिरा आली तरी दुसरी हमखास चुकते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. मध आणि चॉकलेटची पेस्ट खालच्या सामानात, कारण तपासणीत ती द्रव पदार्थात धरतात आणि 100 मिलीच्या वर असली तर काढून घेऊ शकतात.

आता निरोप. राजवाडे, संग्रहालयं राहू दे, ती पुन्हा पाहता येतील. तुझ्या रोजच्या वाटेनं चालत जा: ट्रामचा थांबा, वाचनालयातली खिडकीजवळची जागा, कोपऱ्यावरची बेकरी. तिथल्या बाईंना सांग की उद्या जातोय. न सांगता गेलं की मनाला चुटपुट लागून राहते.

आणि त्यांच्याकडून एक अख्खा रोगनब्रोट घे. राय नावाच्या धान्याचा हा आंबवलेला पाव चार-पाच दिवस सहज टिकतो. कापून आणू नकोस, वाळेल. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नकोस, ओल धरून बुरशी येईल. कागदात बांध. मुंबईला उतरून देवगिरी एक्सप्रेसनं परभणीला येईपर्यंत तो चांगला राहील. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या तुझ्या आजीला त्याची आंबूस चव कळेल; पातळ काप करून वर लोणी लावून दे.

तुझे काका