पहिली साथकथा लिहिताना

महासाथीनंतरच्या जगावर लिहायचं ठरवलंत, छान वाटलं. सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळा.

आधी रोगाचे नियम ठरवा: कसा पसरतो, लक्षणं किती दिवसांनी दिसतात, वाचलेल्याला पुन्हा होतो का. मग कथेच्या सोयीसाठी ते मोडू नका. तासाभरात जीव घेणारा विषाणू नवखे लेखक हमखास घेतात. पण लागण दुसऱ्यांना होण्याआधीच रुग्ण गेला, तर साथ जगभर पोचणार कशी? लक्षणं दिसण्याआधी पसरणारा रोग जास्त भयंकर.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं: मुद्दाम साथ पसरवणारा वेडा शास्त्रज्ञ नको. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयात, प्रयोगशाळेत ठेवलेल्या देवीच्या विषाणूची लागण त्याच इमारतीत काम करणाऱ्या एका छायाचित्रकार महिलेला झाली. ती दगावली. कुणालाही तिचं वाईट करायचं नव्हतं. जबाबदारीचा प्रश्न इथेच टोकदार होतो: धोका कुणाला दिसला होता? कोण गप्प बसलं? काम थांबवण्याचा अधिकार कुणाकडे होता? उलट १९७५ मध्ये अमेरिकेत असिलोमार इथे झालेल्या परिषदेत जनुकीय संशोधकांनी स्वतःच्याच प्रयोगांवर बंधनं घालून घेतली. तुमच्या पात्रासमोर हे दोन्ही रस्ते असू द्या.

तिसरं, शेवटच्या प्रकरणात अचानक लस सापडू देऊ नका. वीज नाही, शीतसाखळी (लस थंड ठेवून पोचवायची व्यवस्था) नाही, मग ती बनवणार आणि टिकवणार कोण?

प्रसाराची गणितं आणि उत्परिवर्तनं (विषाणूच्या जनुकांत होणारे बदल) सध्या बाजूला ठेवा. एकच वस्ती घ्या, मोजकी माणसं घ्या आणि पहिलं प्रकरण लिहून काढा.