सीआरएम नंतर घ्या, आधी यादी एक करा

तुमची अडचण थोडक्यात अशी: वॉटर प्युरिफायरची विक्री आणि सर्व्हिस, चार सेल्समन, चौघांच्या चार एक्सेल शीट, एकाच घरी तिघांचे फोन जातात. सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, कोणतं घ्यावं? माझं मत, आत्ता कुठलंच नको. आहे तोच घोळ तिथे चढेल आणि वर दरमहा भाडं सुरू होईल.

चारही फाइलींची मूळ प्रत बाजूला ठेवा, तिला हात लावू नका. मग सगळ्या ओळी एका शीटमध्ये एकाखाली एक आणा आणि ‘कोणाच्या शीटमधून’ हा कॉलम जोडा. पुढे वाद झाला की तोच कामाला येतो.

नावावरून जुळवाजुळव नको, ‘एस. कुलकर्णी’, ‘कुलकर्णी सर’ आणि ‘कुलकर्णी तिसरा मजला’ ही एकच असामी असू शकते. मोबाईल नंबरवरून जुळवा. ९१ धरून १२ आकडी झालेला नंबर एक्सेल ‘ई+११’ असा आखडून दाखवतं आणि तशीच सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) सेव्ह केली की शेवटचे आकडे कायमचे गेले. म्हणून आधी फॉरमॅट ‘नंबर’, दशांश शून्य. मग स्पेस, डॅश काढून उजवीकडचे १० आकडे वेगळ्या कॉलमात घ्या. वेबवरून चिकटवलेल्या नंबरात कधी कोड १६० ची, साध्या स्पेससारखीच दिसणारी वेगळी स्पेस असते. ती एक्सेलच्या ट्रिम फॉर्म्युल्याने निघत नाही, सबस्टिट्यूटने काढावी लागते.

आपला मोबाईल ६ ते ९ ने सुरू होतो, बाकीचे नंबर बाजूला काढा. पुण्या-मुंबईच्या लँडलाइन इथेच पकडल्या जातात, कारण त्या २० किंवा २२ ने सुरू होतात. नागपूरची मात्र निसटते: ०७१२ मधलं शून्य गेलं की उरलेले १० आकडे हुबेहूब मोबाईलसारखे दिसतात. ७१२ ने सुरू होणारे डोळ्यांखालून घाला.

आता ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ दाबायचा मोह होईल. दाबू नका! ते पहिली ओळ ठेवून बाकीच्या उडवतं, आणि एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) तारीख नेमकी तिसऱ्या ओळीत असते. नंबरवार सॉर्ट करून, दुहेरी ओळी रंगवून, हातानेच एक करा. कंटाळवाणं आहे, पण एकदाच. एका नंबरावर चार पत्ते दिसले तर तो बहुधा प्लंबरचा किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीचा. तिथे ओळी एक करायच्या नाहीत. म्हणूनच प्रत्येकाला स्वतंत्र ग्राहक क्रमांक हवा. मशीनची शीट वेगळी: ग्राहक क्रमांक, सिरियल नंबर, बसवल्याची तारीख, शेवटचा फिल्टर बदल, एएमसी कधी संपते. एका घरात दोन मशीन असली की एका ओळीत सगळं कोंबणारी शीट तिथेच फसते.

ऑफिस, हॉटेलं यांच्यासाठी जीएसटी नंबर घ्या. त्याच्या १५ अक्षरांतली तिसरी ते बारावी म्हणजे पॅन. महाराष्ट्रातल्या शाखेचा नंबर २७ ने आणि गोव्यातल्या शाखेचा ३० ने सुरू झाला तरी पॅन एकच, म्हणजे मालक एकच.

संमतीचा कॉलम ठेवा: कधी, कुठे, कशासाठी. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा रोख तोच आहे. जाहिरात नको म्हणणाऱ्याचा नंबर यादीतून उडवू नका, त्यापुढे ‘नको’ लिहा. उडवलात तर पुढच्या प्रदर्शनाच्या यादीतून तो पुन्हा आत येईल.

मुख्य शीट बदलायचा हक्क ऑफिसातल्या एकालाच. सेल्समननी फॉर्म भरायचा, त्यात गाव आणि मॉडेल ड्रॉपडाउनमधून. हे दोन-तीन महिने नीट चाललं की सीआरएमचे डेमो बघा. पहिला प्रश्न हा विचारा: सोडायची वेळ आली तर कॉलच्या नोंदींसकट सगळा डेटा बाहेर काढता येतो का?