गावच्या हायस्कूलातल्या गुणी खेळाडूंचा आणि क्रीडाशिक्षकांचा सत्कार कसा करावा?

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या गावी तुमच्या हायस्कूलला पन्नास वर्षं होतायत, माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी जमवलीय, आजवरच्या चांगल्या खेळाडूंचा आणि त्यांच्या शिक्षकांचा सत्कार करायचाय. तर निवड कशी करावी, द्यावं काय आणि कार्यक्रम कधी घ्यावा. बीड जिल्ह्यातल्या आमच्या जिल्हा परिषद प्रशालेत आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी हेच केलं. मी यादी करणाऱ्यांत होतो, म्हणून उत्तर देतो.

मंडप, जेवण, स्मृतिचिन्ह यावर आत्ता एक शब्द बोलू नका. आधी यादी. आमच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत दहावीला पहिल्या आलेल्यांचा लाकडी फलक आहे, साल आणि टक्क्यांसकट. खेळाचं म्हणून जे काही होतं ते लोखंडी कपाटावर चढवलेल्या ढाली आणि कप. निम्म्यांवरची पत्र्याची पट्टी निघून गेलेली. कुठली स्पर्धा, कुठलं साल, संघात कोण कोण होतं, कशाचा पत्ता नाही. तुमच्याकडंही बहुधा असंच असेल. त्यामुळं खरं काम यादीचं, आणि त्याला तुम्हाला वाटतंय त्याच्या तिप्पट वेळ लागतो.

शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर काढा. ज्याचं नाव सुचवलं जाईल तो आपल्याकडं शिकलाय का, कोणत्या सालात, हे त्यात बघायचं. मग प्रमाणपत्र मागायचं. शालेय स्पर्धांची चढण तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशी असते, वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. प्रत्येक प्रमाणपत्रावर स्तर लिहिलेला असतो, प्रावीण्य की नुसता सहभाग तेही असतं. मध्यंतरी बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं राज्यभर गाजली, त्यामुळं कागद मागितला तर कुणी रागावत नाही. ज्याचा कागद पुरात, वाटणीत, घर बदलताना गेला, त्याच्यासाठी त्याच संघातल्या दोघांची साक्ष धरा. जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं माणसं गाद्यांखाली जपून ठेवतात, तीही मागा.

सगळ्यात अवघड काम मुलींचं. आमच्याकडं मुलींचा खो-खोचा संघ एके काळी विभागात दबदबा राखून होता. त्या मुली शोधायच्या कशा? लग्नानंतर आडनाव बदललेलं, काहींचं सासरी नावसुद्धा बदललेलं, कुणी सोलापूरकडं, कुणी चाकणला, कुणी परभणीच्या पलीकडं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोरांचेच नंबर. शेवटी आम्ही माहेरची वाट धरली. कुणाचा भाऊ बाजारात भेटला, कुणाची आई दवाखान्यात. एकीला फोन लागला तर ती म्हणाली, "मला कशाला बोलवायलेत? मी काय आता खेळायले का?" तिला संघातल्या बाकीच्यांची नावं विचारली तर खो मिळाल्यावर उठून कोण कुठं पळायचं ते तिनं क्रमानं सांगितलं, आणि तिच्याकडूनच आम्हाला आणखी चौघींचा ठावठिकाणा लागला. तेव्हा मुलींची यादी मुलींकडूनच करून घ्या. फलकावर नाव लिहिताना शाळेच्या रजिस्टरातलं माहेरचं नाव वर आणि आत्ताचं नाव खाली, दोन्ही लिहा. नुसतं सासरचं लिहिलं तर गावात कुणी ओळखत नाही, नुसतं माहेरचं लिहिलं तर तिच्या लेकरांना ती आपली आई वाटत नाही.

खो-खोचा उल्लेख मुद्दाम केला. दोन खांब, फक्की आणि मोकळी जागा एवढ्यावर हा खेळ उभा राहतो, म्हणून मराठवाड्याच्या शाळांत तो रुजला. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला तो याच खेळासाठी. सांघिक खेळात अख्खा संघ बोलवा. कर्णधार आणि एक-दोन चमकणाऱ्यांनाच बोलावलं की उरलेले सगळे मनात धरून बसतात, आणि त्यांचं चुकत नाही.

निकष ठरवताना एक नियम उपयोगी पडला: नाव पुढं यायच्या आधी निकष कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. नाहीतर आधी माणूस ठरतो आणि मग त्याच्या मापाचा निकष शिवला जातो. आम्ही राज्यस्तर खेळलेला कुणीही, असं धरलं. जुन्या काळासाठी विभागही चालवला, कारण तेव्हा विभागाच्या पुढं जायचं तर एसटीचं भाडंही घरून आणावं लागायचं. शाळा सोडून पाच वर्षं झालेली असावीत अशी अट ठेवा. कारण खेळाडू शाळेनंतर कुठं जाईल सांगता येत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि स्टीपलचेसकडं, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीकडं, वळला तो तिथंच. पुढं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष. तुमच्या शाळेतही विभागाला हरून परत आलेला एखादा पुढं पोलिसांच्या किंवा विद्यापीठाच्या संघातून चमकला असेल. त्याला वगळू नका.

टेनिस बॉलच्या गावोगावच्या स्पर्धांतले 'मॅन ऑफ द सिरीज' मात्र आम्ही घेतले नाहीत. त्यावरून बरीच बोलणी झाली. बीडच्या सचिन धसनं २०२४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात ९६ धावा काढल्यापासून आमच्याकडं प्रत्येक गल्लीत एक क्रिकेटपटू आहे. असू द्या.

आता शिक्षकांकडं येतो, कारण तुमच्या प्रश्नात ते शेवटी आलेत आणि सगळीकडं तसंच येतात. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीच्या ५७ किलो गटात सुवर्ण जिंकलं, पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य. त्याच्यामागं गुरू म्हणून हरिश्चंद्र बिराजदार होते, १९६९ चे महाराष्ट्र केसरी, आणि त्यांच्यानंतर काका पवार. दोघेही लातूर जिल्ह्यातले. एका पदकाच्या मागं अशी माणसांची रांग असते, आणि शाळेच्या पातळीवर त्या रांगेतला पहिला माणूस कुणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक खेळाडूला एकच प्रश्न विचारला: तुला पहिल्यांदा मैदानावर कुणी नेलं? उत्तरं ऐकण्यासारखी होती. अर्ध्या जणांनी पीटीच्या सरांचं नाव घेतलं. एकानं गणिताच्या बाईंचं घेतलं, कारण त्यांनी त्याच्या बापाला घरी जाऊन पटवलं होतं. कुस्तीवाल्या दोघांनी गावच्या तालमीतल्या वस्तादांचं नाव घेतलं, ज्यांचा शाळेशी कागदोपत्री काही संबंध नाही. आणि धावणाऱ्या एका पोरीनं आमच्या शिपाईमामांचं नाव घेतलं. ते रोज पहाटे गेट उघडून द्यायचे आणि स्पर्धेच्या आधी स्वतः फक्की मारायचे. हे सगळे आम्ही 'मार्गदर्शक' या एकाच मथळ्याखाली घेतले, पद न लिहिता. तुम्हीही तसंच करा. क्रीडाशिक्षक हे पद शाळेत असलं तरच सत्कार, असा नियम केला तर अनेक शाळांत सत्काराला माणूसच उरणार नाही, कारण पद कितीतरी वर्षं रिकामं असतं.

जिल्हा परिषदेच्या शाळा असतील तर बदल्यांचा हिशेब ठेवा. सरांनी सहावी-सातवीपासून पोरं तयार करायची, आणि ती दहावीत राज्याला जाईपर्यंत सरांची बदली दुसऱ्या तालुक्यात. ढालीबरोबरच्या फोटोत नवे सर. आमच्या एका फोटोत असे सर उभे आहेत ज्यांना शाळेत येऊन दोन महिने झाले होते. त्यांनी स्वतःच फोनवर सांगितलं की हा संघ माझा नाही, आधीच्या सरांना बोलवा. त्यांनाही बोलावलं, अशा माणसाला कसं सोडायचं? जे हयात नाहीत त्यांच्या घरी जाऊन निमंत्रण द्या, फोनवर नको. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं, पण त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आपल्या गावात तरी सत्तरी ओलांडलेल्या सरांचं नाव यादीत सगळ्यात वर ठेवा आणि वर्धापनदिनाची वाट बघू नका.

तारखेचं. बहुतेक शाळा असा कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीत, स्नेहसंमेलनाला जोडून घेतात. आमच्या भागात तो काळ सगळ्यात वाईट. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागताना परततात. ज्या पोरीचा सत्कार तिचे मायबाप फडात, आणि पहिल्या रांगेत बसलेले आपण, हे काही बरोबर दिसत नाही. आम्ही १७ सप्टेंबर धरला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदनासाठी सगळं गाव शाळेत येतंच, टोळ्या अजून गावात असतात, आणि शालेय स्पर्धांचा हंगाम नुकता सुरू झालेला असतो, तेव्हा आत्ताच्या पोरांनाही ते दिसतं. पावसाचा भरवसा नसतो, म्हणून व्हरांड्यातही बसता येईल अशी सोय ठेवा.

कार्यक्रमात पाहुण्यांचे सत्कार पूर्ण बंद. तास-दीड तास मान्यवरांना शाली घालण्यात जातो, आणि खेळाडूंची पाळी येईपर्यंत लोक जेवणाकडं बघायला लागतात. आमदारसाहेब येणारच असतील तर त्यांना बोलायला पाच मिनिटं द्या आणि तेवढ्या वेळात मैदानाला कुंपण जाहीर करून घ्या. सूत्रसंचालकाला चारोळ्यांची बंदी करा. हे मी हसत लिहितोय पण गंभीरपणे सांगतोय. प्रत्येक खेळाडूविषयी तीन-चार ओळी, साल आणि स्पर्धेसकट, त्याच्याच वर्गमित्रानं वाचाव्यात. मार्गदर्शकाला त्याच्या खेळाडूंच्या हस्ते हार घाला. आमच्याकडं पीटीच्या सरांनी माईकवर भाषण केलं नाही, खिशातली शिट्टी काढून वाजवली आणि चाळिशी ओलांडलेल्या बाया एका रांगेत उभ्या राहिल्या. ठरवून केलेलं नव्हतं.

द्यायचं काय? शाल-श्रीफळ द्या, लोकांना ते हवं असतं, पण त्यावर वर्गणी संपवू नका. फ्लेक्स तर नकोच, एका पावसाळ्यात रंग उडतो. ग्रॅनाइटचा किंवा पत्र्यावर रंगवलेला कायमचा फलक करा, खाली भरपूर मोकळी जागा सोडून. उरलेल्या रकमेची मुदत ठेव करा, राष्ट्रीयीकृत बँकेतच. पतसंस्था आणि मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या पतसंस्था) यांत ठेवी अडकल्याचा अनुभव आपल्या भागात घरोघरी आहे. लाखाला वर्षाला सहा-सात हजार व्याज येतं. तेवढ्यात दरवर्षी दोन-तीन लेकरांचे स्पाइक्स किंवा राज्य स्पर्धेचं जाण्यायेण्याचं भाडं निघतं. ती रक्कम जुन्या सरांच्या नावानं द्या. आमच्या सरांना स्मृतिचिन्हापेक्षा हे जास्त आवडलं; कारण एके काळी ते भाडं त्यांच्या पगारातून जायचं, आणि हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आम्हाला ते त्यांच्या बायकोकडून कळलं.

आणखी एक काम याच समितीनं करावं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून गुणवंत खेळाडू आणि गुणवंत क्रीडा मार्गदर्शक असे जिल्हा पुरस्कार दिले जातात, राज्याचे शिवछत्रपती पुरस्कार वेगळे. त्यांना रीतसर प्रस्ताव लागतो, कागद जोडावे लागतात, आणि गावाकडचा मार्गदर्शक स्वतःसाठी असा प्रस्ताव कधीच करत नाही, त्याला लाज वाटते. तुमच्या यादीचे कागद तयार असतीलच, तर पात्र माणसांचे प्रस्ताव तुम्ही भरा. आत्ता शिकणाऱ्या पोरांचेही दहावी-बारावीचे सवलतीचे गुण मुदतीत प्रस्ताव न गेल्यामुळं हुकतात. नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी पुढं प्रमाणपत्रांची पडताळणीही करून घ्यावी लागते. शाळेत एकाला हे काम नेमून द्या.

वर्गणीतून किती खर्च कुठं झाला याचा कागद कार्यक्रमाच्या दिवशीच सूचनाफलकावर लावा. आमच्याकडं दुसऱ्या वर्षीची वर्गणी त्यामुळंच निघाली.