यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) साइटवरचा प्रोसेसिंग टाइम ओलांडून गेला, म्हणजे फाइल अडकली का?

तुमचा प्रश्न वाचला, अमेरिकन सिटिझन झाल्यावर तुम्ही आईसाठी आणि भावासाठी एकाच दिवशी आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला ग्रीन कार्डवर आणण्यासाठीचा अर्ज, भरलेत, साइटवर आईच्या कॅटेगरीला जेवढे महिने दाखवतात त्याच्या वर दोन महिने झाले, स्टेटस अजून ‘केस मिळाली’ एवढंच आहे, भावाचंही काही हललेलं नाही, तर फाइल हरवली की काय आणि आता वकील करावा का. नुसत्या या दोन महिन्यांवरून फाइल हरवली असं अजिबात म्हणता येत नाही, आणि वकिलाला पैसे देण्याआधी तो आकडा म्हणजे काय ते समजून घ्या, कारण मीही माझ्या आईच्या वेळी तो चुकीचाच वाचत होतो आणि कित्येक रात्री त्यात घालवल्यात.

तो आकडा तुमच्या केसबद्दल नाहीये. मागच्या सहा महिन्यांत ज्या केसेसचा निकाल लागला, त्यातल्या ८० टक्के केसेस किती दिवसांत संपल्या, तेवढंच तो सांगतो. म्हणजे संपलेल्या दहातल्या दोघांना त्याहून जास्तच वेळ लागलेला असतो, आणि त्या दोघांच्या फाइलमध्ये काही खोट होतीच असं नाही. शिवाय ज्या केसेस अजून पडून आहेत, तुमच्यासारख्या, त्या या हिशोबात धरलेल्याच नसतात. याचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. समजा ऑफिसने मनावर घेऊन जुन्या जुन्या फाइली काढून संपवायला घेतल्या, तर त्या संपलेल्यांमध्ये मोजल्या जातात आणि साइटवरचा आकडा खाली यायच्या ऐवजी वर जातो. मी दर आठवड्याला तो वाढताना बघून आईला फोनवर सांगायचो की अजून लांबलं, आणि ती बिचारी गप्प व्हायची. तेव्हा हे माहीत असतं तर तिला असं काही सांगितलं नसतं.

अजून एक घोटाळा होतो तो जुन्या माहितीमुळे. मे २०२२ च्या आधी साइटवर दोन आकडे असायचे, एक निम्म्या केसेसचा आणि एक ९३ टक्क्यांचा, नंतर तो एकच ८० टक्क्यांवाला केला. पण वर्षावार आकड्यांचं जे वेगळं पान आहे तिथे अजूनही मध्यक देतात, म्हणजे निम्म्या केसेस किती वेळात झाल्या ते. तो साहजिकच कमी दिसतो. मग कोणी ओळखीचा त्या पानाचा फोटो पाठवतो, बघ सरकारच सांगतंय इतके कमी महिने, आणि आपल्या जिवाला घोर. दोन्ही पानं खरीच आहेत, मोजमाप वेगळं आहे. आणि कॅटेगरी नीट निवडली ना तेही बघा, आय-१३० मध्ये आईवडिलांची वेगळी आणि भावंडांची वेगळी आहे.

आता तुमच्या कामाचं. प्रोसेसिंग टाइमच्या पानावर खाली रिसीट डेट टाकायची जागा आहे, तुमच्या आय-७९७ नोटिशीवर, म्हणजे अर्ज मिळाल्याच्या पावतीवर, जी तारीख आहे ती टाका. चौकशी कधी करता येईल ते तिथे कळतं, पण त्यासाठी ते ८० नाही तर ९३ टक्क्यांची रेषा धरतात. तुमचे दोन महिने बहुतेक या दोन रेषांच्या मधले आहेत, म्हणजे उशीर झालाय हे खरं, पण ते अजून तक्रार घेणार नाहीत. ती रेषा ओलांडली की तिथूनच ऑनलाइन चौकशी टाका, त्याला पैसे पडत नाहीत. उत्तर समाधानाचं नसेल तर तुमच्या मतदारसंघाच्या अमेरिकन संसदेतल्या, म्हणजे काँग्रेसमधल्या प्रतिनिधीच्या ऑफिसात जा, ते एका संमतीपत्रावर सही घेतात आणि तुमच्या वतीने विचारतात, हेही फुकट असतं. कोर्टात मॅन्डॅमसची, म्हणजे खात्याला निर्णय द्यायला लावण्याची केस करायची वाट आहे, पण ती त्याच्याही नंतरची.

थांबलाच आहात तर फाइल एकदा स्वतः वाचून काढा. माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नव्हतं, नुसतं ‘मुलगा’ आणि आईवडिलांची नावं, आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांत हे सर्रास असतं. आईसाठी अर्ज करताना तिचं नातं सिद्ध करणारा मुख्य कागद तोच, त्यामुळे पुराव्याची मागणी करणारी नोटीस आली, आणि मग गावाकडे माणूस पाठवून दाखल्यात नाव घालून घेण्यात आमचे बरेच आठवडे गेले. अशा नोटिशीला उत्तर द्यायची शेवटची तारीख तिच्यावरच छापलेली असते, सहसा ८४ दिवसांपेक्षा जास्त मिळत नाहीत आणि मुदत वाढवूनही देत नाहीत. तुमच्या दाखल्यावर नाव नसेल तर नोटिशीची वाट न बघता आत्ताच कामाला लागा. आणि मधल्या काळात घर बदललं असेल तर यूएससीआयएसलाही नवा पत्ता कळवा, नुसता पोस्टात बदलून भागत नाही.

एक मात्र आईला आधीच सांगून ठेवा, आय-१३० मंजूर झाला म्हणजे ती विमानात बसली असं नाही. ती भारतात आहे, तर फाइल पुढे अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या नॅशनल व्हिसा सेंटरला जाते, तिथे फी, व्हिसाच्या अर्जाचा डीएस-२६० फॉर्म, पोलिस क्लिअरन्स, मग मेडिकल आणि मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत, आणि यातला एकही दिवस साइटवरच्या त्या आकड्यात धरलेला नसतो.

भावाचं गणित मात्र पूर्ण वेगळं आहे. सिटिझनच्या आईवडिलांना वार्षिक कोटा लागू नाही, ते फक्त फाइल तपासायच्या रांगेत असतात. भाऊ एफ-४ मध्ये, म्हणजे सिटिझनच्या भावंडांच्या व्हिसा कॅटेगरीत, तिथे जगभरासाठी वर्षाला ६५,००० व्हिसा आणि वर प्रत्येक देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणून त्याच्यासाठी प्रोसेसिंग टाइमचं पान बघण्यात अर्थच नाही. त्याने अमेरिकन परराष्ट्र खात्याचं व्हिसा बुलेटिन बघायचं, कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागलाय ते त्यात असतं, दर महिन्याला येतं. २०२५ च्या बुलेटिनमध्ये भारतासाठी एफ-४ ची तारीख २००६ सालातली होती. म्हणजे जवळपास १९ वर्षांपूर्वी अर्ज केलेल्यांचा नंबर तेव्हा लागत होता, आणि ती तारीख कधी पुढे सरकते, कधी थांबते, कधी मागेही जाते.

त्याला मुलं असतील तर हे त्याला जरूर सांगा. मूल २१ च्या आत आणि अविवाहित असेल तरच ते वडिलांबरोबर येऊ शकतं. वयाचा हिशोब करताना आय-१३० यूएससीआयएसकडे जितके दिवस पडून होता तितके वजा करतात, म्हणजे जो उशीर तुम्हाला आत्ता खुपतोय तो तिथे मुलांच्या उपयोगी पडतो, पण मंजुरीनंतर बुलेटिनच्या रांगेत गेलेली वर्षं वजा होत नाहीत. मूल आज पाच-सहा वर्षांचं असलं तरी या वेगाने नंबर येईपर्यंत ते बहुधा मर्यादेबाहेर गेलेलं असेल. तेव्हा त्यांच्या शिक्षणाचं काय ते या अर्जाच्या भरवशावर ठेवू नको म्हणावं भावाला.