ऑन्टारियोत हिवाळ्यात बिल थकलं तर वीज कापतात का?

ऑक्टोबरमध्ये दोन वर्षांच्या लेकीला घेऊन ब्रॅम्प्टनला येतोय, नोकरी मिळायला उशीर झाला आणि बिल थकलं तर ऐन थंडीत वीज कापतील का, असं तुम्ही विचारलंय. नाही कापणार. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात 15 नोव्हेंबर ते 30 एप्रिल थकबाकीपायी घराची वीज तोडता येत नाही. मीटरवर मर्यादा घालून थोडीशीच वीज सोडायची, हेही चालत नाही. यासाठी फेब्रुवारी 2017 मध्ये प्रांताच्या विधिमंडळाने कायदा केला, आणि तो हवाच होता. इथली बरीच घरं गॅसवर तापतात, पण गरम हवा खोल्यांत ढकलणारा पंखा विजेवरच चालतो. वीज गेली की घर गारठतं.

फक्त एक गैरसमज करून घेऊ नका: बिल माफ होत नाही. थकलेल्या रकमेवर महिन्याला दीड टक्क्यापर्यंत व्याज लागतं, आणि मे उजाडला की वीज तोडायची वाट पुन्हा मोकळी. आपल्याकडे महावितरणला 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते, इथे 14.

आमच्या पहिल्याच हिवाळ्यात जानेवारीत यांचं काम सुटलं. तीन बिलं थकली. वीज कंपनीला फोन करायची मला लाज वाटायची. आपल्या घरात उधारी कधी नव्हती. एप्रिलमध्ये शेवटी फोन केला. पलीकडच्या बाईंनी एकही टोचणारा शब्द न बोलता हप्ते बांधून दिले: थोडी रक्कम आधी, उरलेली पुढच्या बिलांबरोबर. हप्ते मागणं हा इथे ग्राहकाचा हक्क आहे. तुमच्यावर वेळ आली तर पहिलं बिल चुकल्याबरोबर फोन करा. उत्पन्न कमी असेल तर ओईएसपी या योजनेत दर महिन्याच्या बिलातून ठरावीक रक्कम वजा होते आणि अगदीच अडचण आली तर लीप या दुसऱ्या योजनेतून थकबाकीसाठी मदत मिळू शकते. नव्या खात्यासाठी डिपॉझिट मागितलं तर ते सहा हप्त्यांत भरता येतं.

आता बेसमेंटचं, म्हणजे घराच्या तळघरातल्या भाड्याच्या जागेचं. आपली बरीच मंडळी सुरुवातीला तिथेच राहतात आणि खरी गुंतागुंत तिथेच असते. इथे विजेच्या बिलाला ‘हायड्रो’ म्हणतात, म्हणजे पाण्याचं बिल नव्हे. नायगाराच्या जलविद्युतेपासून पडलेलं नाव आहे ते. हायड्रो मालकाच्या नावावर असेल तर ओईएसपी तुम्हाला मिळत नाही, कारण खातं आपल्या नावावर लागतं. पण भाडं थकलं म्हणून मालक वीज किंवा हीटिंग बंद करू शकत नाही. भाडेकरू कायद्यात त्याला सक्त मनाई आहे. हीटिंग मालकाकडे असेल तर 1 सप्टेंबर ते 15 जून घरात किमान 20 अंश तापमान त्याने राखायलाच हवं. तसं झालं नाही तर प्रांताच्या रेंटल हाउसिंग एन्फोर्समेंट युनिटला कळवा. घरात लहान मूल आहे, भिडेखातर थांबू नका.

भाडेकरारावर सही करण्याआधी हायड्रो कुणाच्या नावावर, तुमचा वाटा किती टक्के, हे लेखी घ्या. आणि खोलीत भिंतीच्या तळाशी लांबट बेसबोर्ड हीटर दिसले तर ते विजेवरचे असू शकतात. तसे असतील तर मागच्या जानेवारीचं बिल दाखवा म्हणावं, मगच भाडं ठरवा.