मायटर सॉ घेताय? आधी लाकूड मोजा

स्लाइडिंग कंपाउंड मायटर सॉ कोणता घ्यावा, हा एकच प्रश्न वेगवेगळ्या हस्ताक्षरांत माझ्याकडे येत राहतो. नाव लांबलचक, पण यंत्र साधं आहे. ब्लेड वरून खाली येतं, टेबल डावी-उजवीकडे फिरतं, डोकं कलतं आणि रुळांवर पुढे-मागे सरकतं. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी दुकानात आगाऊ रक्कम आधीच दिलेली असते, असा माझा संशय आहे. तरीही उत्तरं देतो.

प्रश्न : दहा इंची ब्लेडची घेऊ की बारा इंची? दुकानदार म्हणतो, मोठी घ्या, चिंता मिटेल. (चौकटी आणि फर्निचरचं काम, बाळे)

दुकानदाराची मिटेल. तुम्ही कापता त्यातलं सर्वांत रुंद आणि सर्वांत जाड लाकूड कोणतं, ते आधी टेपने मोजा. 10 इंची स्लाइडिंग मशीन सरळ कापात साधारण 300 मिमी, म्हणजे फूटभर रुंदी घेते. बिनस्लाइडची 12 इंची मशीन मोठी दिसते, पण तिची रुंदी 200 मिमीच्या आसपासच. टेबल 45 अंशांत फिरवलं की फुटाची रुंदी 210 मिमीपर्यंत उतरते, आणि डोकं 45 अंशांत कलवलं की जाडी जवळपास निम्मी होते. दुकानात हे कोणी सांगत नाही. पाच बाय अडीच इंची चौकट सरळ कापायला दहा इंची पुरून उरते. तेच अडीच इंच जाडीचं लाकूड आडवं ठेवून डोकं कलवून कापायचं असेल, तर बहुतेक दहा इंची मशीन अपुऱ्या पडतात. बारा इंचीचं ब्लेड महाग, धार महाग, मशीनही जड. रोज साइट बदलत असाल तर तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्या पोराला विचारून ठरवा. माहितीपत्रकातला क्षमतेचा तक्ता बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : मशीनवर 2,200 वॅट लिहिलंय, पिन 6 अँपियरची आहे, पूर्ण कॉपर वाइंडिंग आहे, तीन ब्लेड फुकट आहेत आणि किंमत निम्मी. घेऊ का? (होटगी रोड)

स्टिकरवर वॅट कितीही छापता येतात. सोबतच्या 6 अँपियरच्या पिनवर 2,200 वॅट चालत नाहीत. 230 व्होल्टला त्याचे साडेनऊ अँपियर होतात, म्हणजे पिन तरी खोटी किंवा स्टिकर तरी. फुकटच्या ब्लेडची लायकी पहिल्या सागवानातच कळते. दुकानदाराला एवढंच विचारा : कार्बन ब्रश, आर्मेचर, स्विच आणि गार्ड सोलापुरात मिळतात का, की पुण्याला धावायचं? उत्तर गुळमुळीत आलं तर उठा. ज्याच्याकडे मशीन दुरुस्तीला नेणार आहात, त्या मिस्त्रीचं मत घ्या. कोणत्या कंपनीचे पार्ट मिळत नाहीत, ते त्याला पाठ असतं.

प्रश्न : मेहुणे अमेरिकेहून मशीन आणतायत. चालेल ना? (जुळे सोलापूर)

तिथली मशीन 120 व्होल्टची. नको.

प्रश्न : सनमायका लावलेल्या प्लायच्या कडा उडतात. मशीन खराब निघाली का? (अशोक चौक)

मशीन नाही, ब्लेड. सोबत आलेलं बहुधा 40 दात्यांचं असतं, ते जाडजूड कामाचं. लॅमिनेटला 80 किंवा जास्त दाते, ट्रिपल चिप घासणीचे (एक दाता सपाट, पुढचा कोपरे कापलेला), आणि दात्याचा पुढचा कल शून्याजवळ किंवा उणे हवा. टेबल सॉचं उभं चिरायचं ब्लेड यात बसवू नका. त्याचा दाता पुढे झुकलेला असतो, तो लाकूड ओरबाडतो आणि डोकं खेचतो. भोकाचं माप आणि ब्लेडवर छापलेला कमाल वेग मशीनशी जुळवा. शंका असली तर जुनं ब्लेड घेऊन धारवाल्याकडे जा, फोनवर वर्णन करू नका.

प्रश्न : कटिंग व्हील लावून लोखंडी अँगल कापता येईल? (चिंचोळी एमआयडीसी)

नाही. ठिणग्या आणि आतला भुसा एकत्र आले की काय होतं, ते वेगळं सांगायला नको. लोखंडासाठी वेगळी चॉप सॉ असते.

प्रश्न : गार्डमुळे (ब्लेडवरच्या झाकणामुळे) रेघ दिसत नाही. मिस्त्री म्हणतात, सगळेच तो तारेने वर बांधतात. आणि डोकं आपल्याकडे ओढत कापलं की काम लवकर होतं म्हणे. (अक्कलकोट रोड)

‘सगळेच’ बांधतात हे मला ठाऊक आहे. ती तार मी दिसेल तिथे कापतो. माझ्याकडे धारेला येणाऱ्या मशीनवर तार दिसली, तर ती निघाल्याशिवाय धार लागत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आता ओढण्याचं. या मशीनचे खालचे दाते फेन्सच्या, म्हणजे लाकूड टेकवायच्या मागच्या पट्टीच्या दिशेने फिरतात. डोकं तुम्ही मागे ढकलता तेव्हा दाते लाकडात नीट, टप्प्याटप्प्याने शिरतात. आपल्याकडे ओढता तेव्हा तेच दाते लाकडावर चढतात आणि चाक रस्त्यावरून धावावं तसं सगळं डोकं तुमच्या अंगावर येतं. ‘लवकर होतं’ ते यामुळेच : कापणं तुमच्या ताब्यातून सुटलेलं असतं.

रीत अशी. मशीन बंद असताना डोकं पूर्ण आपल्याकडे ओढा. चालू करा, वेग पूर्ण येऊ द्या. खाली दाबा, मग फेन्सकडे ढकला. कापून झालं की बटण सोडा आणि ब्लेड खालीच थांबू द्या, मग उचला. फिरतं ब्लेड वर घेतलं की सुटलेला तुकडा गोळीसारखा उडतो. हात ब्लेडपासून किमान वीतभर लांब. हातमोजे घालू नका, दात्यात अडकले तर बोटासकट जातात. वाकडी फळी असेल तर फुगीर बाजू फेन्सला टेकवून क्लॅम्प लावा. उलटी ठेवली तर काप मिटतो आणि ब्लेड आवळलं जातं. छोटा तुकडा हवा असेल तर तो लांब पट्टीतून कापा, हातात तुकडा धरू नका.

रेघ दिसत नाही? मशीन बंद ठेवून ब्लेड रेघेवर टेकवून बघा. गार्ड अडकतो तो भुसा आणि राळ साचल्यामुळे. प्लग काढून साफ करा. तरीही आपोआप बंद होत नसेल तर स्प्रिंग गेली आहे. ते काम घरी नको, सर्व्हिस सेंटरला न्या, आणि तोवर मशीन वापरू नका. ‘एवढी ऑर्डर झाली की नेतो’ हे वाक्य मला ऐकवू नका.

प्रश्न : यंत्रमाग सुरू झाले की व्होल्टेज पडतं, मशीन गरम होते. (पूर्व भाग)

पन्नास फुटांची बारीक एक्स्टेंशन वायर लावली असेल तर तीही पडताळा. 2.5 चौरस मिमीची तांब्याची वायर, 16 अँपियरचा प्लग आणि चांगलं अर्थिंग हवं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली मशीनलाही विश्रांती द्या. बाकी परवानाधारक वायरमनला जागेवर बोलवा. लेखातून व्होल्टेज मोजता येत नाही.

प्रश्न : एमडीएफ कापल्यावर गेली दोन वर्षं खोकला येतो. मास्क कोणता घेऊ? (मोहोळ)

दोन वर्षं! आधी छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि काय कापता ते सांगा. लाकडाचा भुसा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगकारक यादीत आहे. मास्क एन95, भुसा ओढायला व्हॅक्यूम, पण हे त्यानंतर.

प्रश्न : लेझरची रेघ पाडणारी मशीन घेऊ का? (मुरारजी पेठ)

लेझरसाठी जास्त पैसे देऊ नका.

प्रश्न : दुकानात घेताना नेमकं काय तपासू? (सात रस्ता)

डोकं पूर्ण पुढे ओढून बाजूने हलवा. खेळ जाणवला तर बाजूला ठेवा. मशीन मागे भिंतीपासून किती जागा मागते ते मोजा, रूळ मागे निघणाऱ्या मशीन छोट्या दुकानात अडतात. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) घरून न्या. सरळ कडेची रुंद फळी कापा, एक तुकडा उलटा करा आणि दोघांची कापलेली तोंडं सपाट जागेवर जुळवा. फट दिसली तर चूक तिच्या निम्मी आहे. फेन्सचे स्क्रू दुकानदाराकडून सेट करून घ्या आणि पुन्हा कापा. फट तशीच राहिली तर दुसरी मशीन मागा.