बाप्तिस्म्यानंतरची वर्षं

बाळ, तुझा बाप्तिस्मा झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. आज मन भरून आलंय, तसं ते रोज येणार नाही. कधी प्रार्थनेला बसशील आणि शब्दच सुचणार नाहीत. तेव्हा प्रभू दूर गेला असं समजू नकोस. ठरल्या वेळी बस, चार ओळी का होईना, बायबलमधलं वचन वाच.

पंडिता रमाबाईंचंच बघ. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, पण ख्रिस्ताची खरी ओळख आपल्याला त्यानंतर काही वर्षांनी पटली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पुढे केडगावला दुष्काळातल्या मुली आणि विधवा सांभाळत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. केवढं चिवट काम! १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरी १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या भाषांतरातच होत्या. मला तर त्यांच्या विद्वत्तेपेक्षा हा टिकाव मोठा वाटतो.

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमधल्या माणसांत, मतभेद होतील, कुणी दुखावेलही. पाळकांशी बोल, पण प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, चुकवू नकोस.

घरचे नाराज असतील तर वाद घालू नकोस. आईचं औषधपाणी आधीपेक्षा जास्त मनापासून कर, सणाला घरी जा, विचारलं तर खरं सांग. आणि रविवारी उपासना संपली की लगेच निघू नकोस. म्हाताऱ्या बायकांजवळ बस, कठीण दिवसांत त्या कशा टिकल्या ते विचार.